नवनगरजवळ पंक्चर झालेला शेवट

अण्णा,

तेराव्याचं सगळं आवरल्यावर वहिनीनं तुझ्या खोलीतला दिवा आणि त्याच्या शेजारचं पाण्याचं भांडं उचललं. इतके दिवस ते भांडं रोज सकाळी ताजं भरलं जात होतं, गेलेल्या माणसाला तहान लागू नये म्हणून. तेराव्यानंतर ते उचलायचं असतं, वहिनीनं उचललं. मी दारात उभी होते. फरशीवर भांड्याच्या बुडाचा ओला गोल तेवढा राहिला होता, आणि पंख्याखाली तोही वाळून गेला. तेव्हा मला पहिल्यांदा कळलं की तू गेलास. तोवर मी नुसती कामं करत होते. कुणाला फोन करायचा, अळणावरच्या मावशीला स्टेशनवर घ्यायला कोण जाणार, गुरुजींना काय हवं नको. तू ओळखतोस मला. रडायच्या आधी यादी करणारी मी.

दहाव्याला कावळा पिंडाला लगेच शिवला, असं आमच्या ह्यांनी घरी येऊन सांगितलं. सगळ्यांना बरं वाटलं. सुटला म्हणाले, मागं काही राहिलं नाही. मला मात्र तुझा रागच आला. तासभर तरी ताटकळत ठेवायचंस की सगळ्यांना! मग कुणीतरी म्हटलं असतं, शैलाला बोलवा, तिच्याशी काहीतरी राहिलंय ह्याचं. कारण राहिलं होतं, अण्णा. पाच वर्षं राहिलं होतं. तू इतक्या सहज सुटलास, म्हणजे तुझ्या बाजूनं काही नव्हतंच की काय?

माझ्या बाजूनं होतं. तुझी माफी मागायची होती, आणि मी ती दर रविवारी पुढच्या रविवारवर ढकलत गेले. आता लिहिते. पण शेवटाकडून नाही, सुरुवातीपासून लिहिते. कुठल्या गोष्टीनंतर कुठली येते ह्यावरच तर आपलं भांडण होतं.

मी दहावीत होते आणि तू नुकताच भूगोलाचा मास्तर झाला होतास. धारवाडात इंग्रजी सिनेमे लागायचे ते फक्त रविवारी सकाळी दहाला, आणि ‘मॉर्निंग शो’ म्हटलं की आपल्या गल्लीत बायका तोंडाला पदर लावायच्या. तू मला घेऊन जायचं म्हणालास तेव्हा आई पोळपाट सोडून उठली.

“मॉर्निंग शोला मुली जातात होय रे? आणि तू मास्तर म्हणवतोस!”

“घोडे असतात ग आई त्यात. घोडे आणि धूळ. बाईमाणूस औषधाला नसतं.”

“मग हिला कशाला नेतोस?”

“हिला पण थोडी धूळ लागू दे की.”

अप्पा पेपरामागून हसले आणि परवानगी मिळाली असं आपण धरून चाललो.

थिएटरच्या दारात माझे पाय थबकले होते ते आठवतं तुला? आत सगळे पुरुष. शेतकी कॉलेजची पोरं, रेल्वेतले लोक, दुकान उघडायच्या आधी दोन तास मोकळे असलेले व्यापारी. मी आत पाय टाकला आणि शंभरेक माना वळल्या. मी तुझा शर्ट धरला. तू तो सोडवून घेतलास आणि हळूच म्हणालास, “मान खाली घालायची नाही. सरळ चालत जायचं आणि बसायचं. घाई नाही करायची. आता पडद्यावर बघशील, तो नवीन गावात कसा शिरतो.” मग मला भिंतीकडची खुर्ची देऊन तू शेजारी बसलास. आणि पडद्यावर खरोखरच एक माणूस एका अनोळखी गावात शिरला. दोन्ही बाजूंच्या खिडक्यांतून लोक त्याच्याकडे बघत होते. त्यानं घोडा बांधला, टोपी झटकली आणि तो चालायला लागला.

पुढे हुबळीच्या कोर्टात पहिल्या दिवशी मी बार रूमच्या दारात उभी राहिले तेव्हा आत सगळे काळे कोट होते आणि सगळ्या माना वळल्या होत्या. मी तुझं ते चालणं चालले. घाई न करता. कोपऱ्यातली खुर्ची ओढून बसले. हे मी तुला कधी सांगितलं नाही. माझ्या वकिलीचा पाया अप्पांनी घातला असं मी सगळीकडे सांगत आले, पण तो त्या रविवारी तू घातलास.

आपल्याला त्यांचं इंग्रजी कळायचं थोडंच. नाकातून बोलायचे, वर तोंडात विडी. तू माझ्या कानाशी मराठीत सांगत जायचास. “आता म्हणतो आहे, गाव सोड.” “म्हणतो, माझा भाऊ कुठं आहे?” मागच्या रांगेतले लोक पुढे झुकून ऐकायला लागले, तेव्हा तू मागे वळून तेच कन्नडमध्येही सांगायला लागलास. पाच-सहा रविवारांत तुझी कीर्ती एवढी झाली की आपण आत शिरलो की हाक यायची, “मास्तर, इल्लि बर्री!” इकडे या म्हणून. तीन रांगा तुझ्या आवाजात सिनेमा बघायच्या. तू जे सांगशील ते तो घोडेस्वार बोलला, असा हिशेब होता. हे पुढे महत्त्वाचं होणार आहे, म्हणून आत्ता नोंदवून ठेवते. वकिली सवय, क्षमा कर.

शो सुटला की चालत घरी. वाटेत चुरमुऱ्यांचं गिरमीट आणि मिरची भजी, आणि तुझा वर्ग सुरू. किती शिकवलंस रे मला त्या रस्त्यावर! की अगदी पहिले घोड्यांचे सिनेमे मुके होते, त्यात आगगाडी लुटायचे आणि हॉलमध्ये कुणीतरी पेटी वाजवत बसायचा. मग गाणारे गुराखी आले, दिवसभर गुरं हाकून ज्यांच्या शर्टाची इस्त्री मोडत नसे. मग लष्कराचे, किल्ल्यांचे. त्यांच्यावर तुझा राग. तू रस्त्यात उभा राहून हातवारे करायचास, “जमीन कुणाची, आणि व्हिलन कोण केलाय बघ!” मग घरी येऊन ॲटलास उघडायचास आणि तिथल्या मूळ लोकांच्या मुलखावर पेन्सिलीनं रेघा मारायचास. पूर्व जर्मनीवाल्यांनी ह्याच गोष्टीत त्या मूळ लोकांनाच नायक केलं म्हणून तुला केवढा आनंद. मग महायुद्धानंतरचे, ज्यांत नायकाचा हात थरथरतो आणि गाव त्याला मदत करत नाही. आणि तुझे सगळ्यांत लाडके इटालियन. “इटलीच्या माणसानं स्पेनमधे जाऊन अमेरिका उभी केली, शैले! भूगोलाच्या मास्तरानं ह्याच्यावर प्रेम नाही करायचं तर कुणावर?” त्यांच्यातली धूळ खरी, दाढ्या खऱ्या, आणि दोन माणसं एकमेकांकडे इतका वेळ बघत उभी राहायची की मागून कुणीतरी कन्नडमध्ये ओरडायचा, अरे मारा की, जेवायला जायचंय.

आणि तिथून सगळं आपल्या दारापर्यंत कसं आलं तेही तू दाखवायचास. हिंदीतले खोऱ्यातले डाकू, कन्नडमधले टोपीवाले घोडेस्वार. जत्रेतल्या फोटो स्टुडिओत पुठ्ठ्याचा घोडा, त्यावर बसून कमरेला पिस्तूल लावलेले हुबळीचे नवरा-नवरी. दिवाळीतलं टिकल्यांचं पिस्तूल. रिक्षाच्या मागे रंगवलेला उगवत्या सूर्याकडे जाणारा स्वार. “मराठीत का नाहीत रे?” मी विचारलं होतं. तू म्हणालास, “मराठीत घोडा दोनच ठिकाणी. ऐतिहासिक सिनेमात आणि वरातीत.” हुबळीच्या दुर्गदबैल बाजारातल्या एका बूटवाल्याकडून तू टाचेचे बूट करून घेतलेस आणि ते घालून सायकलवरून शाळेत जायचास. ते बूट अजून आहेत. कुणाला द्यायचे ते ठरत नाही. तुझ्या पायाचं माप कुणाचंच नाही.

आता त्या एका सिनेमावर येते.

हे पत्र दुसऱ्या कुणी वाचलं तर त्याला कळावं म्हणून सांगते, तुला माहीतच आहे. हुबळी आणि धारवाड ही दोन गावं, पण मॉर्निंग शोला प्रिंट यायची एकच. हुबळीला शो नऊला सुरू, आपल्याकडे दहाला. तिथं एक-दोन रिळं संपली की पत्र्याच्या डब्यात घालून एक माणूस मोटारसायकलवरून नवनगरमार्गे वीस किलोमीटर धारवाडला आणायचा, टाकायचा आणि पुढची आणायला परत पळायचा. हुबळीनं बघितलेलं आपण तासाभरानं बघायचो. डबा उशिरा आला की पडदा पांढरा, शिट्ट्या, खुर्च्यांचा ठणठणाट. ह्यात कुणालाच काही वावगं वाटत नसे. जुळी गावं म्हणजे असंच, सगळं अर्धं अर्धं.

तो सिनेमा एका दुष्काळी गावाचा होता. गावात एकच विहीर, ती एका जमीनदाराच्या ताब्यात. एक लंगडा, वयस्क घोडेस्वार पहिल्याच रिळात तिथं पाणी प्यायला येतो आणि जमीनदाराची माणसं त्याच्या हातातल्या पोहऱ्याचा दोर कापतात. मग वैर, मारामाऱ्या, मधे तो गाव सोडून जातो. इथपर्यंत सरळ होतं. मग पडदा पांढरा झाला. बराच वेळ. शिट्ट्या शिगेला पोचल्या आणि एकदम रीळ सुरू झालं, तर थेट विहिरीपाशी गोळीबार. तिन्ही गुंड पडले, जमीनदार पडला, आणि लंगडाही पडला. त्याला टेकडीवर पुरला. त्याचा घोडा त्या मातीशी उभा राहिला.  मी रडत होते.

आणि मग पडदा क्षणभर काळा झाला, आणि दूरवर धूळ दिसली. धुळीतून तोच लंगडा, त्याच घोड्यावर, सावकाश गावात आला. कुणी बंदूक उचलली नाही. विहिरीपाशी एक बाई होती. ती म्हणाली आणि तू मराठीत सांगितलंस, “परत आलास?” तो आपल्याकडे पाठ करून पोहरा ओढत होता. तू हळू आवाजात म्हणालास, “पाणी प्यायचं राहिलं होतं.” त्यानं टोपी काढून विहिरीच्या काठावर ठेवली, ओंजळ भरली, आणि तो पाणी पीत असतानाच रीळ संपलं. दिवे लागले.

कुणी उठेना. मागच्या रांगेतला तो रेल्वेचा म्हातारा डोळे पुसत म्हणाला, “मास्तर, असला पिक्चर बघितला नव्हता री.”

अण्णा, त्या दिवशी तू घरापर्यंत एक शब्द बोलला नाहीस. भजी घेतली नाहीस. आणि नंतर दहा वर्षं दुसरं काही बोलला नाहीस! शाळेच्या अंकात लेख लिहिलास. तुमच्या सिनेमा मंडळात, वाचनालयाच्या वरच्या हॉलमध्ये, दर वर्षी नव्या पोरांना तीच गोष्ट सांगायचास. की घोड्यांच्या सगळ्या सिनेमांत माणूस मारतो नाहीतर मरतो. ह्या एका सिनेमात तो मरतो आणि मग तहान भागवायला परत येतो. की मरण हा शेवट नाही, राहिलेली साधी गोष्ट हा शेवट आहे.  मी चार वेळा ऐकलं आणि चारही वेळा अंगावर काटा आला. हे शपथेवर सांगते.

मग माझं लग्न होऊन मी हुबळीला आले, तू नवनगरला घर बांधलंस, मुक्ता झाली. आणि मी वकील झाले, फक्त कोर्टातच नव्हे. एका रविवारी तुझ्याकडे जेवताना कुठल्यातरी केसबद्दल मी तावातावानं बोलत होते. तू भात कालवत म्हणालास, “तुला पुरावा दिसतो, शैले. माणसाची गोष्ट दिसत नाही.” सगळे हसले. मीही हसले. पण ते मला लागलं, आणि लागलेलं मी जपून ठेवते हा माझा दुर्गुण तुला ठाऊक होता.

पुढच्याच महिन्यात दुर्गदबैलात साडीला फॉल लावायला टाकून मी एका डिस्कवाल्याच्या गाळ्यापाशी उभी होते आणि मला तो सिनेमा दिसला. कव्हरवर तोच लंगडा. किती आनंदानं घेतली मी ती डिस्क! तुला वाढदिवसाला द्यायची म्हणून. घरी सहज लावून बघितली. तर लंगडा आधी परत येतो. ती बाई विचारते, पण तो गाव सोडून गेलेला असतो म्हणून विचारते. तो पाणी पितो, मग गोळीबार होतो, मग तो मरतो, पुरतात, आणि संपतं. साधा, सरळ, चारचौघांसारखा सिनेमा.

मी तिथंच थांबायला हवं होतं. नाही थांबले. साक्षीदार शोधला. आपल्या थिएटरचा जुना ऑपरेटर बसप्पा लाईन बझारजवळ रेडिओ दुरुस्त करत बसायचा, त्याच्याकडे गेले. तो हसायलाच लागला.

“अक्कारं, ते कसं विसरीन री मी? मधल्या रिळाची गाडी नवनगरजवळ पंक्चर. तो बाबा डबा घेऊन पंक्चरवाला शोधत गेलाय. तेवढ्यात हुबळीवाल्यांनी शेवटचं रीळ दुसऱ्याच्या स्कूटरवर दिलं धाडून. हा पुढं, तो मागं. माझ्या हातात शेवटचं, आणि पब्लिक खुर्च्या तोडायलंय. काय करू? लावलं. संपताना ‘समाप्त’ यायची वेळ झाली, तशी लेन्सपुढं हात धरला बघा. तोवर पंक्चरवाला घाम पुसत आला. मग ते लावलं.” आणि वर म्हणाला, “खरं कुणी तक्रार केली नाही री. मास्तर तर वर येऊन माझा हात धरून गेले.”

तू वर जाऊन त्याचा हात धरला होतास. हे ऐकूनसुद्धा मी थांबले नाही.

त्या वर्षीच्या तुझ्या व्याख्यानाला मी डिस्क पर्समध्ये घालून आले. समोर तुझे तीस-चाळीस विद्यार्थी, पहिल्या रांगेत वहिनी आणि शाळेत जायला लागलेली मुक्ता. तुझं बोलून झालं, पोरं भारावली होती, आणि मी उठले. घाई न करता. तू शिकवलेलं ते चालणं चालत पुढे गेले आणि म्हणाले, सरांच्या मांडणीत एक छोटी अडचण आहे. मंडळाच्या प्लेअरवर डिस्क लावली. बसप्पाची साक्ष सांगितली, पंक्चरसकट. पोरं हसायला लागली. पंक्चरला तर फारच हसली. मी तिथंही थांबले नाही. म्हणाले, “आणि ‘पाणी प्यायचं राहिलं होतं’ असं तो म्हणतच नाही. तो काहीच बोलत नाही. बघा, गप्प आहे. ते वाक्य सरांनी स्वतः रचलेलं आहे.”

तू खडू ठेवलास. हात झटकलेस. हसलास सुद्धा, आणि म्हणालास, “शैलाबाईंचा मुद्दा बरोबर आहे. वर्ग संपला.”

शैलाबाई! घरी मला शैले म्हणणारा तू.

मी डिस्क तुझ्या हातात दिली, पुरावा म्हणून ठेव म्हणाले. तू खिशात टाकलीस. मला वाटलं, आता भांडशील. रस्त्यात थांबून हातवारे करशील. तू भांडला नाहीस. त्यानंतरही रविवारी मी यायची, तू दार उघडायचास, जेवण व्हायचं, अप्पांच्या औषधांचं बोलायचो, मुक्ताच्या गणिताचं बोलायचो. फक्त सिनेमाचं नाव निघत नसे. पाच वर्षांत तू माझ्याबरोबर एकही सिनेमा बघितला नाहीस. मंडळातलं ते व्याख्यान बंद झालं. ती थिएटरंही एकेक करून बंद पडत गेली, तेव्हा कुणाला वाटावं सगळं आपोआप संपलं. दर वेळी नवनगरच्या स्टॉपवर बसमध्ये चढताना मी ठरवायची, पुढच्या रविवारी म्हणायचं, अण्णा, चुकलं माझं. दोन शब्द. मोठमोठे युक्तिवाद केले मी, हे दोन शब्द जमले नाहीत.

काल रविवार होता. तेराव्याला आलेली माणसं पांगली होती. वहिनी म्हणाली जेवायलाच ये, म्हणून सकाळी आले. दहा वाजले असतील. तुझी मुक्ता आता माझ्या खांद्याला लागते. ती म्हणाली, “आत्या, बाबांचा पिक्चर लावू? रविवार आहे.”

मला कळेना कुठला. तिनं टीव्हीखालच्या कप्प्यातून डिस्क काढली. माझी. तो पुरावा. कव्हर इतकं हाताळलेलं की कडा पांढऱ्या पडल्या होत्या. आतल्या कागदावर तुझ्या लाल पेन्सिलीनं, उत्तरपत्रिका तपासायच्या, लिहिलेलं होतं: आधी १८, मग १७. १७ संपताना बंद करणे.

मी तो कागद मुक्तापुढे धरला. ती रिमोट घेऊन बसली होती, अगदी सराईतपणे.

“असंच बघायचं असतंय, आत्या. शेवटचा भाग आधी. बाबा आणि मी प्रत्येक सुट्टीत बघतो.” मग तिचं तिलाच आठवून ती थांबली. “बघत होतो.”

“आणि मी तेव्हा हॉलमधे जे सांगितलं, ते?”

“ते पण बाबांनी सांगितलंय की. म्हणाले, आत्याचंच बरोबर आहे. खरं ती वकील आहे, तिला मेलेल्या माणसाला मेलेलाच ठेवावा लागतो. आपल्याला काय, आपण मास्तर.” आणि ती तुझ्यासारखी हसली, एका गालानं. “आत्याला बोलवू या का म्हटलं मी एकदा. तर म्हणाले, येईल ती. तिची गाडी वाटेत पंक्चर झाली आहे.”

वहिनी स्वयंपाकघराच्या दारात पदर डोळ्यांना लावून उभी होती. मी रडले, अण्णा. यादी न करता रडले. पाच वर्षं तू माझ्यावर रागावला आहेस असं धरून मी तुझ्या घरी भात खात होते, आणि तू माझी वाट बघत होतास. मग एकदा तरी हाक मारायचीस! हा माझा तुझ्यावरचा आरोप आहे आणि तो मी मागे घेत नाही.

मुक्तानं डिस्कवरचा अठरावा भाग लावला. गोळीबार झाला. लंगडा पडला. त्याला टेकडीवर पुरला, घोडा मातीशी उभा राहिला. इतक्या वर्षांनी मला ती माती बघवेना. अजून तुझ्या चितेच्या धुराचा वास माझ्या नाकातून गेलेला नाही. तेवढ्यात मुक्तानं बटण दाबलं, पडदा क्षणभर काळा झाला आणि दूरवर धूळ दिसली.

तो आला. तोच, त्याच घोड्यावर, सावकाश. ती विहिरीपाशी उभी होती, तिनं विचारलं, परत आलास? तो पाठ करून पोहरा ओढत होता, आणि तो गप्प होता. मी मागे भर सभेत सिद्ध केलं होतं तसाच गप्प. आणि माझ्या शेजारून, भिंतीकडच्या खुर्चीत मला बसवून तू ज्या बाजूला बसायचास त्याच बाजूनं, मुक्ता हळू आवाजात म्हणाली, “पाणी प्यायचं राहिलं होतं.”

त्यानं टोपी काठावर ठेवली. ओंजळ भरली. मुक्तानं बंद केलं.

मुद्दा माझाच बरोबर होता, हे मी आजही सोडत नाही. रिळं उलटी लागली होती, वाक्य तू रचलेलं होतंस. पण तुला काय दिसलं होतं, ते मला काल दिसलं. चुकलं माझं, अण्णा. त्या हॉलमध्ये चुकलं, आणि नंतरच्या प्रत्येक रविवारी चुकलं.

मी उठले, स्वयंपाकघरात जाऊन ते भांडं शोधलं. वहिनीनं घासून फळीवर पालथं घातलं होतं. नळाखाली भरलं आणि तुझ्या खोलीत, होतं त्याच जागी ठेवलं. वहिनी म्हणाली, “अहो वन्सं, तेरावा झाल्यावर नाही ठेवत.”

मी म्हटलं, माहीत आहे. राहू दे.